नऊ दिवसांचं पाणी

बापाला परिषदेला घेऊन जायचं ठकीच्या मनात अजिबात नव्हतं. परिषदेच्या पत्रिकेत तिचं नाव चांगलं डॉक्टर लावून छापलेलं होतं, पण घरात ती ठकीच, म्हणून आपणही ठकीच म्हणू. चौतीस वर्षांची झाली तरी ठकीच. तर तिच्या मार्गदर्शक बाईंनी हट्टच धरला. "अगं, एकतीस वर्षं एका माणसाने रोज दोनदा नदीचं पाणी मोजलं, एक दिवस चुकवला नाही, आणि त्यालाच आपण घरी बसवायचं? आण त्यांना. व्यासपीठावर बोलावून मानचिन्ह देऊ." बाईंपुढे कुणाचं चाललंय! ठकी 'बरं' म्हणाली, पण मनातून नाही.

कारण गेली तेवीस वर्षं ती बापाशी कामापुरतंच बोलत होती. 'औषध घेतलं का', 'वीज भरली का', संपलं.

काम तसं साधं. नदीत एक रंगवलेली पट्टी उभी असते, तिच्यावर सेंटीमीटरच्या खुणा. सकाळी आठला जायचं, संध्याकाळी पाचला जायचं, पाणी कुठल्या खुणेपर्यंत आलंय ते बघायचं आणि वहीत आकडा लिहायचा. बस्स. याला काय अक्कल लागते, असं कुणीही म्हणेल. अक्कल लागतच नाही हो, जायला लागतं. ताप असो, पाहुणे असोत, चिखलात गुडघाभर पाय रुतोत, जायला लागतं. लोक बाबांना पट्टीवाला म्हणत आणि त्यांना ते आवडे.

बाबा सकाळी परत आले की आई चहाचं आधण ठेवायच्या आधी म्हणायची, "थांबा, सांगू नका. एकशे साठ." बाबा म्हणायचे, "एकशे एकसष्ट." मग आई कपाळाला हात लावायची. आईचा अंदाज दोन सेंटीमीटरपर्यंत चुकला तरी चहा बाबांनी करायचा, त्याहून जास्त चुकला तर आईने. आई जन्मात कधी नदीवर गेली नव्हती, पण निम्म्या वेळा चहा बाबांनाच करावा लागे. "तुमच्या नदीला मी तुमच्यापेक्षा जास्त ओळखते," असं म्हणून ती पाय पसरून बसायची. ठकीला हे सगळं लख्ख आठवत होतं. आठवलं की राग यायचा.

ठकी अकरा वर्षांची असताना आई आजारी पडली. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात न्यावं लागलं, बसने सहा तास. ठकीला मावशीकडे ठेवलं. मावशीच्या कडेवर तान्हं मूल, तिला दवाखान्यात जाणं शक्य नव्हतं. नवव्या दिवशी आई गेली. बाबा सांगत, निरोप आला तसा मी धावलो, शेवटच्या घटकेला पोचलो. पुढच्या आठवड्यात भेटायला माणसं येत होती, त्यांत खात्याचे मोठे साहेबही आले. हातात नोंदवही. भरल्या घरात ते म्हणाले, "माणूस असावा तर असा! घरात एवढं संकट, पण पट्टीवरची एक नोंद चुकवली नाही. रोज सकाळ-संध्याकाळ हजर!" बाबा मान खाली घालून बसले होते. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत.

मावशी मात्र फणकाऱ्याने आत आली आणि म्हणाली, "ऐकलंस? बायको तिकडे शेवटच्या घटका मोजत होती, आणि हा बाबा इकडे पाणी मोजत होता!"

दाराआड उभ्या असलेल्या ठकीने ते ऐकलं. बस्स, त्या दिवसापासून तिच्या लेखी बाप संपला. ती मावशीकडेच राहिली, तिथेच शिकली. बाबा महिन्यातून एकदा यायचे, ओट्यावर पिशवी ठेवायचे, चार वाजता उठायचे. पाचची नोंद असायची ना!

नशीब तरी कसं बघा. पाण्याचा अभ्यास करायला म्हणून ठकी मोठ्या संस्थेत गेली, आणि बाईंनी खात्याच्या गोदामातून तोवरच्या पंचवीस वह्या शोधून काढल्या; पुढच्या सहा दरवर्षी येत गेल्या. "सबंध प्रदेशात अशी सलग नोंद दुसरी नाही. आणि अगं, पट्टी वाचणाऱ्या वाचकाचं आडनाव तर तुझंच!" तिने बापाचं अक्षर सहा वर्षं वाचलं. एकेका वर्षाची नोंद घ्यायची, नदीवरच्याच वरच्या आणि खालच्या मोजणी-ठाण्यांशी ताडून बघायची, जुळली की तक्त्यात बरोबरची खूण करायची. डोळ्यांत तेल घालून केलं तिने. फक्त आठव्या वर्षाची वही आली, तेव्हा तिने ती उघडलीच नाही. त्या वहीत ते नऊ दिवस होते. आई मरत असताना बापाने सावकाश, सुवाच्य लिहिलेले आकडे तिला बघायचे नव्हते. "माझं डोकं दुखतंय, एवढी तू टंकून टाक," म्हणून तिने ती वही शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला दिली. आणि पडताळणीच्या रकान्यात, काहीही न ताडता, बरोबरची खूण करून टाकली. एकतीस वर्षांपैकी तेवढीच.

परिषदेचं सभागृह थंडगार होतं. पडद्यावर सगळं किंचित गुलाबी दिसत होतं, आणि ध्वनिक्षेपकाची मान सारखी खाली पडत होती. नुकतेच निवृत्त झालेले बाबा तिसऱ्या रांगेत बसले होते. कडक इस्त्रीचा सदरा, छातीवर 'पाहुणे' अशी पट्टी, मांडीवर परिषदेने दिलेली पिशवी दोन्ही हातांनी धरलेली. सकाळी नोंदणीच्या टेबलाजवळ त्यांनी ठकीच्या पहिल्या पानावरचं नदीचं चित्र बघितलं होतं आणि हळूच म्हणाले होते, "ही आपली पट्टी नव्हे. आपल्या पट्टीला अडुसष्टच्या खुणेवर टवका गेलाय."

"एवढं कोण बघतंय, बाबा."

"कोणी नाही. मी आपलं सांगितलं."

बारा मिनिटं ती छान बोलली. एकतीस वर्षं, बावीस हजारांवर नोंदी, एकाही दिवसाचा खंड नाही. हा संच प्रदेशाच्या प्रमाण नोंदींमध्ये घ्यावा, अशी तिची मागणी होती. घेतला असता तर यापुढे नदीवर धरण बांधणारा, पूल बांधणारा, पूररेषा आखणारा प्रत्येक माणूस बाबांच्या आकड्यांवर विसंबला असता. बाई पहिल्या रांगेत मान डोलावत होत्या. त्यांच्यापुढे मानचिन्हाची निळी पेटी होती. त्यावर कोरलं होतं, 'एकही दिवस खंड नाही'. घंटा वाजली, टाळ्या झाल्या.

मग अध्यक्ष उठले. निवृत्त अभियंता, जाड भिंगांचा चष्मा. मंडळी पाठीमागे त्यांना कात्री म्हणत, कारण त्यांच्या हाताखालून धड कुणी सुटत नसे. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला.

"काम कष्टाचं आहे, वाद नाही. पण आठव्या वर्षाकडे जरा बघूया का? उन्हाळ्याच्या तोंडाशी वरच्या धरणातून तीन दिवस पाणी सोडलं होतं. वरच्या ठाण्यावर चाळीस सेंटीमीटर चढलं. खालच्या ठाण्यावर पस्तीस. आणि मधल्या तुमच्या ठाण्यावर?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "एकशे अठ्ठावन्न, सत्तावन्न, छप्पन्न, पंचावन्न. दर नोंदीला एकेक सेंटीमीटर, शहाण्या मुलासारखं उतरतंय! नऊ दिवस! बाईसाहेब, पाणी काय तुमच्या पट्टीला वळसा घालून गेलं? मला वाटतं, कुठंतरी पाणी मुरतंय."

सभागृह खो खो हसलं. पाण्याच्या लोकांत पाण्याचा विनोद, मग काय विचारता!

ठकीने पडद्यावर आठवं वर्ष उघडलं. तारखा बघितल्या. तेच नऊ दिवस. आकडे घरी बसून लिहिलेले होते, आंधळ्यालाही कळलं असतं. म्हणजे हा माणूस पट्टीवर नव्हताच? तिच्या मनात आधी दया आली नाही, संतापच आला. आईजवळ नव्हता, पट्टीवरही नव्हता, मग होता कुठे हा? कुठे मजा मारत होता? आणि मी याच्या नोंदींसाठी सहा वर्षं डोळे फोडले!

"मी... मला हे बघावं लागेल," ती कशीबशी म्हणाली.

"पडताळणीच्या तक्त्यात तर आपण बरोबरची खूण केलीय."

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाबा उभे राहिले होते. ध्वनिक्षेपक द्यायला कुणीतरी धावलं, पण त्यांना तो कुठे धरायचा ते कळेना, म्हणून ते तसेच बोलले, नदीकाठच्या माणसासारखे, मोठ्याने.

"साहेब, वाचक मी. ते अठरा आकडे खोटे आहेत. नऊ दिवस मी पट्टीवर नव्हतो. पोरीला यातलं काही ठाऊक नाही, तिला बोल लावू नका. बाकीचे सगळे खरे आहेत." त्यांनी हातातली पिशवी सावरली. "पण आता तुम्ही का मानावं, हेही खरंच."

"मग कुठे होता तुम्ही?" कात्रींनी विचारलं. आवाज मघाइतका धारदार नव्हता.

"खासगी काम होतं, साहेब."

मागच्या रांगेत कुणीतरी "खासगी काम!" म्हणून फिसकन हसलं. बाबा खाली बसले. पिशवी पुन्हा मांडीवर घेतली. बाईंनी निळी पेटी उचलून टेबलाखाली ठेवली.

अध्यक्षांनी नियम सांगितला. पाचच्या आत सुधारित नोंद द्यायची. खोटे आकडे काढायचे, जागा कोरी ठेवायची, कारण लिहायचं. बाकीच्या नोंदीचा समिती विचार करील. नाही दिली तर सगळा संच बाद.

चहाच्या सुट्टीत ठकी त्यांना शोधत गेली ती भांडायलाच. बाबा मागच्या जिन्यापाशी, हात धुवायच्या नळाशेजारी उभे होते. कागदी पेल्यातला चहा तसाच होता, वर साय धरलेली.

"कुठे होतात?" ती तडकली. "सगळ्यांसमोर अब्रू गेली, आता तरी बोला! आई मरत होती तेव्हा कुठे होतात तुम्ही?"

बाबांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू प्रश्नच कळला नाही.

"तिच्याजवळ," ते म्हणाले. "आणखी कुठे असणार?"

ठकी एक पाऊल जवळ आली.

"बायकांचा कक्ष होता. भेटीची वेळ सोडून आत घेत नसत. बाकीचा वेळ मी बाहेर बाकावर. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला मात्र एक परिचारिका मला दोन मिनिटं आत सोडायची. कसं कोण जाणे, तिला दया यायची. नोकरी रोजंदारीवरची होती गं. सलग तीन दिवस गैरहजर राहिलं की नाव कमी करत. मी तुझ्या आईला म्हटलं, जाऊ दे नोकरी. ती म्हणाली, आणि पोरीची शाळा? वही आणलीय का? मी आणली होती. सवयीने पिशवीत टाकली होती. तर म्हणाली, लिहा. एकशे अठ्ठावन्न."

"आईने?"

"तिनेच सांगितले सगळे. आठला एक, पाचला एक. आवाज पार खोल गेला होता, कान तोंडाजवळ न्यावा लागे. मी म्हणायचो, अगं दर वेळी एकेकच कसं उतरेल? तर म्हणायची, नदीला कसली घाई आहे? लिहा मुकाट्याने. नवव्या दिवशी सकाळी म्हणाली, एकशे बेचाळीस. मग म्हणाली, आज चहा कुणी करायचा? साडेनऊला गेली. संध्याकाळचा आकडा तेवढा माझा आहे. मला दुसरं सुचलं नाही, मी सकाळचाच परत लिहिला."

नळातून थेंब थेंब पाणी पडत होतं. बाबांनी तो घट्ट फिरवला.

"तिला घरी आणलं, सगळं आटोपलं आणि दुसऱ्या दिवशी नदीवर गेलो. एकशे चाळीस होतं. मधे पाणी चढून उतरून गेलं होतं, ते आम्हाला काय ठाऊक? पण शेवटी एकशे चाळीस. दोनने चुकली तुझी आई. दोन म्हणजे चहा माझ्याकडे."

"मला का नाही सांगितलंत?" ठकी ओरडलीच. "तेवीस वर्षं, बाबा! तेवीस वर्षं मी तुम्हाला..."

"तू लहान होतीस. शाळेत बोलून गेली असतीस, तर नोकरी गेली असती. मग जाणती झालीस, पण माझ्यासमोर बसेनाशी झालीस. सांगायला माणूस समोर बसावं लागतं. आणि मग तू याच वह्यांवर काम घेतलंस." बाबा कसनुसं हसले. "आता कुठल्या तोंडाने सांगू, की त्यात खोट आहे? म्हटलं, मी वाईट ठरलो तर ठरलो. तुझं काम तरी चोख राहू दे."

"चोख!" ठकी म्हणाली. "ते पान मी उघडलंसुद्धा नाही. न बघता खूण केली. तुमच्यासारखीच."

"माझ्यासारखी नको करूस, गं," बाबा म्हणाले, आणि तेव्हा ठकीला रडू फुटलं. लाज नाही, काही नाही, परिषदेची पट्टी गळ्यात घालून, नळाला धरून ती हमसाहमशी रडली. ती एकदाच दवाखान्यात गेली असती, तिने एकदाच विचारलं असतं, मावशीला एकदा तरी 'गप्प बस' म्हटलं असतं. महिन्यातून एकदा ओट्यावर पिशवी ठेवून बाबा बसायचे, तेव्हा ती आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसायची, त्यांतला एक तरी दिवस परत मिळाला असता. काही मिळणार नव्हतं. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि सवय नसल्यामुळे खांद्यावर ठेवला.

चार वाजून गेले होते. दोघं शेजारच्या रिकाम्या खोलीत बसली. खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या, दोन खाली घेतल्या. ठकीने संगणकावर आठवं वर्ष उघडलं.

"बाबा, नका देऊया. राहू दे सगळंच. बाद तर बाद."

"वेडी आहेस? बावीस हजार आकडे खरे आहेत. अठरांसाठी त्यांना कशाला मारतेस? काढ."

"तुम्ही बाहेर बसा मग."

"नाही. मी सांगतो, तू काढ. एकशे अठ्ठावन्न."

त्यांनी पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. तोंडपाठ होते. एकशे सत्तावन्न. ठकीने काढला. छप्पन्न. काढला. एकेक चौकोन कोरा होत गेला. पंचेचाळीसला बाबांचा आवाज जरा खोल गेला, चव्वेचाळीसला ते खाकरले. "त्रेचाळीस," ते म्हणाले, आणि थांबले.

"बाबा?"

"खालचा माझा आहे, तो काढ आधी."

तिने शेवटचा एकशे बेचाळीस काढला. आता त्याच्या वर एकच उरला होता, नवव्या दिवसाच्या सकाळचा.

एवढा वेळ 'काढ, काढ' म्हणणारा तो माणूस एकदम पुढे वाकला. त्याने पडद्यावरच्या त्या आकड्याच्या अगदी जवळ बोट नेलं, काचेला न लावता.

"ठकी," ते म्हणाले, "हा एक ठेवता येतो का गं? दोनचाच फरक आहे. दोनपर्यंत आम्ही धरायचो."

ठकीला वाटलं, ठेवावा. कोण बघतंय? कात्रींनासुद्धा एका आकड्यात काही सापडलं नसतं. तिने बापाकडे बघितलं. ऊन, पाऊस, ताप, चिखल काही न बघता एकतीस वर्षं नदीवर गेलेला माणूस तिच्या उत्तराची वाट बघत होता.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "नाही ठेवता येत."

"बरोबर," ते म्हणाले. "बरोबर आहे. मी आपलं विचारलं."

तिने तो काढला. मग कारणाचा रकाना उघडला. त्यात तीनच कारणं छापलेली होती, त्यांतलं एक निवडायचं, चौथं लिहायला जागा नव्हती. पूर. पट्टी नादुरुस्त. वाचक गैरहजर.

ठकीचा हात थांबला. तेवीस वर्षं मनातल्या मनात तिने बापाला हाच शब्द लावला होता. आता तो लागू नाही हे कळल्यावर तिला तो स्वतःच्या हाताने, कायमचा, नोंदीत लिहायचा होता.

"तुम्ही हजर होतात," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही हजर होतात."

"ते पट्टीबद्दल विचारतायत, बाळा," बाबा म्हणाले. "पट्टीवर नव्हतो. लिही."

तिने 'वाचक गैरहजर' निवडलं आणि नोंद पाठवून दिली. बाबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. पाचला दोन मिनिटं कमी होती. ते सवयीने उठले, दारापर्यंत गेले, आणि कुठेच जायचं नाही हे लक्षात आल्यावर परत येऊन तिच्याशेजारी बसले.